रेखाची वही आणि माझी एक ओळ

दवाखान्यात नोकरी केली असं कळलं की लोक मला लगेच गुडघा दाखवतात. एका साखरपुड्यात तर नवऱ्या मुलाच्या काकांनी पंगतीतच पायजमा वर केला होता. मला गुडघ्यातलं काही कळत नाही. मी डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. रायपुरात शंकर नगरच्या एका खाजगी दवाखान्याची रेकॉर्ड रूम मी चोवीस वर्षं सांभाळली. आजार डॉक्टर बघायचे, आजारी माणसाला नर्स बघायची आणि मी कागद बघायचे. इथल्या मराठी मंडळानं यंदाच्या अंकासाठी लिहा म्हटलं तेव्हा गमतीजमती लिहीन असं ठरवलं होतं. पण लिहायला बसले आणि एकच गोष्ट पुढ्यात येऊन बसली. ती बाजूला सरकायला तयार नाही.

आधी कामाचं सांगते. पेशंट आला की केस पेपर निघतो. त्याचं म्हणणं काय, तपासणीत काय दिसलं, औषध कोणतं, हे डॉक्टर त्यावर लिहितात. तो कागद माझ्याकडे यायचा. नंबर टाकून तो फाईलला लावायचा आणि तो माणूस पुन्हा आला की पाच मिनिटांत फाईल डॉक्टरांच्या टेबलावर पोचवायची. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे चार सुनीता साहू होत्या आणि त्यातल्या दोघींच्या नवऱ्यांचं नावसुद्धा एकच होतं. एका ठेकेदाराला फाईल नंबरची बेरीज नऊच हवी असायची. मी त्याला एक रद्द झालेला नंबर काढून दिला, तेव्हापासून तो दर दिवाळीला पेढे आणायचा. एका साहेबांच्या पत्नी दर खेपेला वय दोन वर्षांनी कमी सांगायच्या. फाईलीत त्या माझ्या डोळ्यांदेखत तरुण होत गेल्या.

आणि एक होतं एन.ए.डी. तीन इंग्रजी अक्षरं. अर्थ असा की तपासणीत काही दोष सापडला नाही. आम्ही त्याला नुसतं 'नॅड' म्हणायचो. सापडला नाही आणि नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. पुरुषाच्या कागदावर नॅडच्या खाली बहुतेक वेळा पुढची एखादी तपासणी लिहिलेली असायची. बाईच्या कागदावर नॅडच्या खाली ताकदीच्या गोळ्या, झोपेची गोळी, आणि 'घरी टेन्शन आहे का विचारले'. इतकी वर्षं ते कागद माझ्या हातांखालून गेले आणि मला त्यात काही खटकलं नाही.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमच्या बारा खाटांच्या दवाखान्याचे चार मजले झाले. नवीन ऑफिसं आली, साहेब आले, त्यांच्यामागे कॉम्प्युटर आले. मालकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, ठरवलं की जुन्या फाईली कॉम्प्युटरवर घ्यायच्या. सगळा कागद चढवणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक पेशंटच्या नावापुढे एक चौकोन होता आणि त्यात त्याचा सगळा जुना आजार एका ओळीत लिहायचा होता. ते काम माझं. मूळ कागद बांधून माळ्यावरच्या खोलीत गेले. पुढे डॉक्टरांच्या टेबलावर जायची ती माझी ओळ. माझी ओळ नेमकी असते असं मोठे डॉक्टर चारचौघांत म्हणायचे आणि मी ते घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे.

रेखा बोरकर आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तीस वर्षांची असेल. गुढियारीला राहायची, तिथल्याच एका बालवाडीत शिकवायची. माहेर अभनपूरचं. नवरा रेल्वेच्या माल धक्क्यावर कारकून. माझा नवराही रेल्वेत, शिवाय दोघी मराठी, म्हणून ती कागद घेऊन आली की दोन मिनिटं माझ्या खिडकीशी थांबायची. कंबर दुखते, ही तिची तक्रार. दर दोन-तीन महिन्यांनी यायची. कधी कंबर, कधी टाच, कधी डोळा लाल झालेला. रक्त तपासलं, कमरेचा एक्स-रे काढला, सगळं ठीक. नॅड. सुरुवातीला नवरा सोबत यायचा. मग मोठ्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, थोडा मनाचा भाग आहे, बिझी ठेवा. त्यानंतर तो येईनासा झाला.

डॉक्टर वाईट होते असं कोणी समजू नये. गरिबाला बाहेर उभं न करणारा माणूस. पण त्यांचं ते एक वाक्य गुढियारीला गेलं आणि तिथे त्याचा कायदा झाला. रेखानं एकदा मला सांगितलं होतं, घरात तिनं पाठ टेकली की सासू म्हणते, डॉक्टरनंच सांगतलं न, काही नाही म्हनून.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. ती खिडकीशी आली की शेजारची टायपिस्ट मला कोपर मारायची आणि मी हसू दाबायचे. सकाळी उठता येत नाही म्हणते आणि दिवसभर पन्नास पोरांमागे पळते, हे कसं, असं आम्ही दोघी बोललोही होतो.

सात-आठ वर्षं अशी गेली. एक दिवस ती आली आणि तिनं खिडकीतून एक शाळकरी वही आत सरकवली. म्हणाली, "ताई, हे माह्या फाईलीले लावून द्या ना. डॉक्टरसाहेबांपुढं गेली की मले काही सांगताच येत नाही. म्हनून लिहून आनलं."

फाईलीत दवाखान्याचाच कागद लागतो, बाहेरची वही लागत नाही. नियम होता. मी तिला तो सांगितला. तिचा चेहरा पडला म्हणून म्हटलं, ठेव माझ्याजवळ, सरांना दाखवते. वही टेबलाच्या खणात टाकली. पाच महिने ती खणातच राहिली. त्या पाच महिन्यांत रेखा दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तिनं विचारलं आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, सर बिझी आहेत.

ती वही मी वाचली ती दुसरंच काही शोधताना हाताला लागली म्हणून. दुपारची सुट्टी होती, डबा उघडलेला होता. पहिलं पान नुसतं चाळायचं म्हणून उघडलं. बालवाडीच्या बाईंचं गोल, सुटं अक्षर. त्यात रडगाणं असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. रोजची चार ओळींची नोंद होती.

"पहाटे दुखण्यानं जाग आली. कूस बदलायले पलंगाची दांडी धरा लागली. उठल्यावर तासभर कंबर लाकडासारखी. पाणी भरलं, झाडलं, मंग मोकळी झाली."

"आज सुट्टी म्हणून पडून राहिली. लई वाईट दिवस गेला. आराम केला की जास्त दुखते, काम केलं की कमी. हे उलटं काहून?"

"दाढ दुखली म्हणून दातवाल्या डॉक्टरनं गोळी दिली. दोन दिवस कंबरही सुटली. मोठ्या डॉक्टरांले सांगतलं तर हसले."

"पोट्ट्यांनी खाली बसून गाणं म्हणा म्हटलं. बसली. उठता येईना. गाणं अजून दोनदा म्हटलं, तवा उठता आलं. पोट्टे खुश झाले."

आणि एका पानावर फक्त एवढंच होतं: "आज यांनी विचारलं, तू खोटं बोलते का? मी म्हटलं नाही. मंग रातभर विचार केला, बोलत असीन का?"

माझा घास हातातच राहिला. हे वाचून मला पहिल्यांदा जे वाटलं ती दया नव्हती, भीती होती. कारण हे खोटं असूच शकत नव्हतं. ज्या बाईला ढोंग करायचं असतं ती आराम केल्यावर जास्त दुखतं असं कशाला लिहील?

त्या वर्षी आमच्याकडे सांध्यांच्या आजारांसाठी नवीन डॉक्टर आल्या होत्या, मृणालताई. मूळच्या सोलापूरच्या, नवरा इथल्या एका सरकारी खात्यात. पस्तिशीच्या असतील. मी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मॅडम, नियमात बसत नाही, पण वाचाल का? त्यांनी उभ्याउभ्याच उघडली. तिसऱ्या पानावर खुर्चीत बसल्या. दातांच्या गोळीचं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "ह्यांच्या ओटीपोटाच्या हाडांचा एक्स-रे कुठे आहे?"

नव्हता. कमरेचा एक होता, सात वर्षांपूर्वीचा. जिथे माकडहाडाच्या वरचं हाड खुब्याच्या हाडाला जुळतं, तिथला फोटो कोणी काढलाच नव्हता.

मी त्याच दिवशी रेखाच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी रेखा आली. मृणालताईंनी तिला वाकायला सांगितलं. ती वाकली ती फळी वाकावी तशी, पाठ सरळच राहिली. फोटो निघाला. मृणालताईंनी तो दिव्यावर लावला आणि आम्हाला जवळ बोलावलं. दोन हाडांच्या मध्ये एक काळी रेघ असते, ती सांध्याची फट, म्हणाल्या. ह्या फोटोत ती रेघ दोन्ही बाजूंना नव्हती. हाड हाडाला चिकटून एक झालं होतं.

आजाराचं नाव अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं आणि पाठीचा कणा हळूहळू सांधून टाकतं. सकाळी आखडणं, हालचालीनं मोकळं होणं, आरामानं वाढणं, डोळा लाल होणं, टाच दुखणं, हीच त्याची खूण. तो पुरुषांचा आजार समजतात, म्हणून बायकांमध्ये चटकन शोधत नाहीत, असं त्या म्हणाल्या. ज्या गोष्टीमुळे आम्ही तिला नाटकी म्हणत होतो, तीच गोष्ट आजाराचा पुरावा होती. आता औषधानं पुढचं थांबवता येईल. जे जुळलं ते सुटणार नाही.

रेखा बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. रडली नाही. फक्त इतकं विचारलं की ह्याची एक कॉपी भेटेल का.

मला खरा धक्का बसला तो ह्यानंतर. मृणालताईंना जुने कागद हवे होते, त्रास नक्की कधी सुरू झाला ते बघायला. मी माळ्यावर गेले, गठ्ठे सोडले आणि रेखाचा पहिला केस पेपर काढला. मोठ्या डॉक्टरांचं अक्षर. सात वर्षांपूर्वी, पहिल्याच भेटीत, त्यांनी तिचं म्हणणं इंग्रजीत नीट उतरवून घेतलं होतं. पहाटे दुखण्याने जाग येते. सकाळी तासभर कंबर आखडते. कामाला लागल्यावर बरे वाटते. खाली नॅड.

म्हणजे तिनं सांगितलं होतं. वहीत लिहिलेलं सगळं तिनं पहिल्याच दिवशी तोंडानं सांगितलं होतं आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं होतं. मग पुढच्या एवढ्या भेटींत ते कोणाला दिसलं कसं नाही? मी खाली आले आणि कॉम्प्युटरवर तिचं नाव काढलं. नावापुढच्या चौकोनात माझी ओळ होती: 'जुनी कंबरदुखी. काम करताना त्रास नाही. नॅड.'

सकाळ मी काढून टाकली होती. पहाट काढून टाकली होती. 'कामाला लागल्यावर बरे वाटते' ह्याचं मी 'काम करताना त्रास नाही' केलं होतं, कारण चौकोनात तेवढंच मावत होतं आणि मला दोन्हींचा अर्थ एकच वाटला होता. ओळ चढवल्यापासून ती जेव्हा जेव्हा आली, डॉक्टरांनी आधी माझी ओळ वाचली आणि मग तिच्याकडे पाहिलं.

तो कागद आणि ती वही घेऊन मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते तेव्हा सत्तरीच्या जवळ होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. म्हणाले, "ये तो मेरी ही लिखावट है." मी म्हटलं, सर, आणि कॉम्प्युटरमधली ओळ माझी आहे, हे मी गाळलंय. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग शांतपणे म्हणाले, "कुंदा बहन, आप तो डॉक्टर नहीं हैं. मैं हूँ."

मला त्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, अशा अजून किती असतील? पुढचे दोन महिने मी माळ्यावरचे गठ्ठे उतरवत होते आणि ते रोज दुपारी बसून बायकांचे जुने कागद स्वतः वाचत होते. काही जणींना पत्रं टाकून बोलावलं. काही आल्या. काहींचे पत्ते बदलले होते. एकीच्या मुलानं आमचंच पत्र घेऊन येऊन सांगितलं की आई दोन वर्षांपूर्वीच गेली. त्या दिवशी डॉक्टरांनी दुपारची ओपीडी घेतली नाही.

रेखाला मी स्वतः सांगितलं. लपवता आलं असतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. औषध न्यायला आली तेव्हा तिला आत बोलावून खुर्चीत बसवलं आणि दोन्ही कागद पुढे ठेवले. माझी चूक काय ते सांगितलं. माफ कर म्हटलं. ती त्या माफीवर काहीच बोलली नाही, आजवर बोललेली नाही. तिचं लक्ष पहिल्या कागदाकडे होतं.

"म्हंजे मी पह्यल्याच दिवशी बरोबर सांगतलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मले वाटे, मलेच सांगता नाही येऊन राह्यलं. म्हनून त वही लिहिली."

मग तिनं एक काम सांगितलं. मी तिच्या घरी यायचं आणि हा कागद घरच्यांपुढे मोठ्यानं वाचून दाखवायचा, मराठीत करून. तिनं स्वतः सांगितलेलं ह्या घरात कोणी ऐकणार नाही, दवाखान्यातल्या बाईनं वाचलेलं ऐकतील, म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी मी गुढियारीला गेले. दोन खोल्यांचं घर. नवरा, सासू, आणि मुलीला बरं नाही म्हणून अभनपूरहून आलेली रेखाची आई. आई साठीची असेल, पण कमरेत इतकी वाकलेली की माझ्याशी बोलताना मान तिरपी करून वर बघायची. धानाच्या रोवणीत, चिखलात वाकून रोपं लावण्यात, जन्म गेला, म्हणून पाठ अशी झाली, असं सासूनंच मला सांगितलं.

मी कागद वाचला. तारीख वाचली, मग एकेक ओळ. पहाटे दुखण्यानं जाग येते. सकाळी तासभर कंबर आखडते. कामाला लागल्यावर बरं वाटतं. आणि मग आजाराचं नाव, आणि मृणालताईंनी लिहून दिलेलं, की हा आजार मनाचा नाही, हाडांचा आहे. नवरा भिंतीकडे बघत होता. सासू पदराशी चाळा करत होती. मी थांबल्यावर नवऱ्यानं तो कागद मागून घेतला. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, तरी तो एकेका शब्दावर बोट ठेवत राहिला. मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "मी तुले खोटी म्हनलं होतं." ती हो म्हणाली. एवढंच दोघांचं बोलणं झालं.

तेवढ्यात आई मला म्हणाली, "बाई, ते सकाळचं पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"मले बी असंच होये," ती म्हणाली. "ही पोटात होती तवापासून. तासभर हलताच नाही ये. मंग रोवणीत उतरली का बरं वाटे."

रेखा आईकडे बघतच राहिली. तिच्या दुखण्यावर सासूपेक्षाही जास्त बोललेली बाई हीच होती. बायकांच्या जातीला एवढं असतंच, सोसावं, बोभाटा करू नये, असं ती मुलीला दर खेपेला सांगायची. आणि स्वतः पस्तीस-चाळीस वर्षं तेच सोसत होती.

"आई, तू मले काहून नाही सांगतलं?" रेखानं विचारलं.

आई म्हणाली, तिनं तरुणपणी एकदा सांगितलं होतं. सासऱ्यांनी वैद्याकडे नेलं होतं. वैद्य म्हणाला होता, ह्या बाईला काम चुकवायचं आहे. नंतर तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात रेखाचा नवरा आपल्या सासूला, म्हणजे रेखाच्या आईला, घेऊन दवाखान्यात आला. तो आत आला ह्याचंच मला नवल वाटलं. आईला पाठीवर झोपता येईना, म्हणून फोटो कुशीवर काढावे लागले. मृणालताईंनी ते दिव्यावर लावले. कमरेपासून मानेपर्यंत सगळा कणा एकसंध, बांबूसारखा. आता काही करण्यासारखं फारसं नव्हतं. त्यांनी ते म्हातारीला मराठीत, सावकाश समजावून सांगितलं. हा आजार बऱ्याचदा घराण्यात उतरतो, दुखणं कमी करायला गोळ्या देते, पण पाठ सरळ होणार नाही.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. सरळ होणार नाही ह्याचं तिला विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं मान तिरपी केली आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मंग मी कामचोर नव्हती न?"

मृणालताई नाही म्हणाल्या. तिनं पुन्हा विचारलं. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. तेव्हा ती तिथेच स्टुलावर बसली आणि चाळीस वर्षांचं रडू रडली, आणि आम्ही कोणी तिला थांबवलं नाही.